मोटारीच्या ब्रेकची विषम झीज

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोल्हापुराहून रत्नागिरीस जातांना आंबा घाटांत माझी मोटार किंचित् डावीकडे ओढ घेऊं लागली. घाट उतरून साखरप्यास थांबलों आणि पाहतों तों पुढचें डावें चाक हात जवळ नेववेना इतकें तापलेलें. उजवें नुसतें कोमट. चाक काढल्यावर तेथील मिस्त्रीनें ब्रेकचे दोन पॅड माझ्यापुढें ठेवले. बाहेरचा निम्म्याहून अधिक जाड होता. आंतला मात्र झिजून त्याची लोखंडी पाठ डिस्कला टेकण्याच्या बेतांत होती. "नवी जोडी घालूं का, साहेब?" असें त्यानें विचारलें. त्या साध्या प्रश्नांतच आजच्या भाषणाचा विषय आला. पॅड झिजणें हा दोष नव्हे. तें त्याचें कामच आहे. तो एकाच अंगानें झिजणें हा दोष, आणि नवी जोडी घातल्यानें तो नाहींसा होत नाहीं, कांहीं महिने झांकला मात्र जातो.

आधीं या ब्रेकची रचना ध्यानांत घेऊं. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क-ब्रेकच्या जग्वार मोटारीनें विजय मिळविला, आणि पुढें हा ब्रेक नित्याच्या मोटारींतही आला. चाकाबरोबर बिडाची एक चकती फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही अंगांनीं कवटाळणारा जो चिमटा, तो कॅलिपर. बहुतेक साध्या मोटारींत पिस्टन एकाच, म्हणजे आंतल्या, बाजूस असतो. पेडल दाबलें कीं ब्रेक-ऑइलच्या दाबानें तो पुढें येतो व आंतला पॅड डिस्कवर टेकवितो. त्याला पुढें वाव उरला नाहीं म्हणजे तोच दाब सबंध कॅलिपरला उलट दिशेस ढकलतो. कॅलिपर आपल्या दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो.

पाय काढल्यावर पिस्टनला मागें नेणारी स्प्रिंग येथें नसते. त्याच्याभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें असतें. दाबाच्या वेळीं तें पिस्टनबरोबर मुरडतें, आणि दाब सुटतांच पूर्ववत् होऊन पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकें मागें घेतें. एवढ्याशा अंतरावर सारा व्यवहार चालतो. म्हणूनच थोडा गंज किंवा वाळलेलें ग्रीस एवढ्यानेंही तो बिघडतो.

आतां झिजेची परीक्षा कशी करावी तें पाहूं. दोन पॅडांच्या जाडींत अल्पसा फरक स्वाभाविक आहे; ठळक फरक मात्र कांहीं तरी सांगत असतो. आंतला पॅड फार झिजला असेल, तर पिस्टन नीट परतत नाहीं, किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खांचेंत गंजून अडकले आहेत, किंवा पिना इतक्या जाम आहेत कीं बाहेरच्या पॅडला कामच पडत नाहीं. बाहेरचा अधिक झिजला असेल, तर ब्रेक सुटल्यावर कॅलिपर पिनांवरून मागें सरकत नाहीं, असें समजावें. एकच पॅड एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास पातळ, पाचरीसारखा, झाला असेल, तर दोन पिनांपैकीं एक अडकली आहे. आणि एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकाच्या मानानें फार झिजले असतील, तर तेथील दाब सुटत नाहीं. अथवा दुसऱ्या चाकाचा ब्रेक लागतच नसून एकटें हेंच चाक सारें ओझें वाहत आहे.

हा शेवटचा संशय फेडण्यास एक सोपा उपाय आहे. मोटार सपाट जागेवर उभी करून इतर चाकांस दगड लावावे, संशयित चाक जॅकनें उचलून खालीं भक्कम घोडी द्यावी. पेडल दाबून सोडावें आणि चाक हातानें फिरवावें. तें जड फिरत असल्यास कॅलिपरवरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित् सैल करावा. चाक तत्काळ मोकळें झालें, तर ऑइलचा दाब अडकून राहिला होता. बहुधा रबरी नळी आंतून फुगलेली असते. तरीही मोकळें झालें नाहीं, तर पिस्टन, पिना किंवा पॅडच अडकले आहेत. तपासानंतर स्क्रू आवळून ऑइलची पातळी पाहावी आणि हवा शिरली असल्यास ती काढावी.

दुरुस्ती त्या मानानें सोपी आहे. कॅलिपर काढल्यावर तो नळीवर लोंबकळत ठेवूं नये, तारेनें बांधावा. पिना पुसून, गंज खोल असल्यास बदलून, त्यांना सिलिकोनचें ग्रीस लावावें. साधें खनिज ग्रीस लावल्यास रबर फुगतें आणि पिन पुन्हां जाम होते. ब्रॅकेटच्या खांचा तारेच्या ब्रशानें साफ कराव्या, मात्र ब्रेकची धूळ फुंकून उडवूं नये; ती ओली करून पुसावी. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर घासूनपुसून भागत नाहीं. पिस्टन, कडें व बूट बदलावे. पॅड नेहमीं त्याच आंसाच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. शेवटीं, मोटार हलविण्यापूर्वीं पेडल घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हां दाबावें. हें विसरल्यास पहिल्या वळणावर पाय थेट तळास जाईल.

माझ्या मोटारीचा रबरी बूट फाटला होता. पावसाचें पाणी आंत शिरून पिस्टन गंजला होता. नवे पॅड घालून मी निघालों असतों, तर परतीच्या घाटांत काय झालें असतें? घासत राहणारा पॅड तापतो, त्याची उष्णता ऑइलला पोंचते. डॉट ४ प्रतीचें ताजें ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. परंतु तें हवेंतील ओल शोषतें, आणि मग ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. ऑइल उकळलें कीं वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल दाबूनही चाकावर जोर पोंचत नाहीं. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनीं बदलणें हिताचें.

तेव्हां, श्रोतेहो, मिस्त्री जुने पॅड फेंकूं लागला तर त्याचा हात धरा. ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहा, आणि कोणता अधिक झिजला व कां, हें विचारल्याशिवाय नवे घालूं देऊं नका. घाट चढतांना इंजिनची पारख होते. उतरतांना मात्र आपला जीव या दोन लहानशा वड्यांवर सोंपविलेला असतो.