स्टॅक उलगडताना : परतीच्या नोंदींवर कितपत विसंबावे?

संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्राम फंक्शन नावाच्या लहान-लहान कार्यखंडांचा बनलेला असतो, आणि एक फंक्शन दुसऱ्याला कामाला लावते तेव्हा काम संपल्यावर कोठे परतायचे याची नोंद स्मृतीच्या एका राखीव भागात, म्हणजे स्टॅकमध्ये, केली जाते. उतरंडीतले वरचे मडके उचलल्याखेरीज खालचे हाती लागत नाही, तशाच या नोंदी शेवटची आधी या क्रमाने निघतात. चालू क्षणापासून मागे जात कोणी कोणाला बोलावले ही साखळी शोधणे म्हणजे स्टॅक उलगडणे, आणि ते काम करणारा कोड म्हणजे अनवाइंडर.

हे काम दिसते तितके सरळ नाही, कारण परतीच्या पत्त्यांच्या शेजारीच स्थानिक चलांच्या किमतीही साठवलेल्या असतात आणि कोणता आकडा पत्ता आहे हे सांगणारी खूण स्टॅकवर नसते. यावरचा जुना उपाय फ्रेम पॉइंटरचा : प्रत्येक फंक्शन आरंभीच आधीच्या फंक्शनच्या चौकटीचा, म्हणजे स्टॅकवरील त्याच्या भागाचा, ठिकाणा जपून ठेवते, म्हणून एका चौकटीवरून मागच्या चौकटीवर जाता येते. मात्र प्रत्येक फंक्शनमध्ये जादा सूचना घालाव्या लागतात आणि लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्याच्या, काही कामांत त्यामुळे वेग ५ ते १० टक्क्यांनी घटल्याचे मोजले गेले आहे. शिवाय फंक्शन सुरू होऊन चौकट उभी राहण्याच्या आतच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे चालू काम मध्येच थांबवणारा संकेत, आला तर त्या फंक्शनला बोलावणारे फंक्शन साखळीतून वगळले जाते आणि उरलेली साखळी मात्र अखंड भासते. उघड तुटलेल्या साखळीपेक्षा ही चूक अधिक घातक, कारण ती चूक आहे असे कोणालाच कळत नाही.

कर्नल कोसळल्यानंतरच्या अहवालात एवढी उणीव खपून जाते. एक्स८६ प्रोसेसरवरील लिनक्स तर संशयास्पद नोंदींपुढे सरळ प्रश्नचिन्ह छापते आणि निर्णय वाचणाऱ्या अभियंत्यावर सोपवते. लाइव्ह पॅचिंगमध्ये, म्हणजे यंत्र बंद न करता चालत्या कर्नलचा सदोष कोड बदलण्याच्या पद्धतीत, असा वाचणारा माणूसच नसतो. २०१४ मध्ये रेड हॅट कंपनीने केपॅच आणि सुसे कंपनीने केग्राफ्ट या लाइव्ह पॅचिंगच्या सोयी पुढे आणल्या, २०१५ च्या ४.० आवृत्तीत या सोयीचा सामायिक पाया कर्नलमध्ये आला, आणि २०१७ च्या ४.१२ आवृत्तीपासून प्रत्येक कार्य (टास्क), म्हणजे चालू असलेली प्रत्येक प्रक्रिया, स्वतंत्रपणे नव्या कोडवर नेण्याची रीत आली; झोपलेल्या कार्याच्या स्टॅकवर बदलायचे फंक्शन नाही अशी खात्री झाली तरच ते नव्या कोडवर जाते. येथे अनवाइंडरने चुकून ‘नाही’ म्हटले, तर अर्धे काम जुन्या आणि अर्धे नव्या नियमाने होऊन चालते यंत्र बिघडू शकते.

फ्रेम पॉइंटरवाचून स्टॅक उलगडण्याचे प्रयत्नही झाले. डीवॉर्फ नावाच्या, मूळ डीबगिंगसाठीच्या माहितीवर चालणारा अनवाइंडर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काढून टाकण्यात आला, कारण तो गुंतागुंतीचा होता आणि माहिती चुकली की बिघाडाचे निदान करणारे साधनच बिघाडाचे कारण होई. जॉश पॉइम्बोफ यांनी लिहिलेल्या आणि २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत आलेल्या ऑर्क पद्धतीने वेगळा मार्ग धरला. ऑब्जटूल हे साधन कंपायलरने तयार केलेला यंत्रकोड शाखा-शाखांनी तपासते आणि कोडच्या प्रत्येक ठिकाणी परतीचा पत्ता कोठे सापडेल याचा साधा तक्ता आधीच बनवते. त्यामुळे चालत्या कोडवर भार पडत नाही, स्मृती मात्र सुमारे २ ते ४ मेगाबाइट जास्त लागते.

तरीही तक्ता अचूक असणे एवढ्याने विश्वासार्हता सिद्ध होत नाही. कर्नलच्या लेखी विश्वासार्ह उलगडणे म्हणजे स्टॅकच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचणे आणि वाटेत न ओळखता येणारे काही आढळले तर साखळी देण्याऐवजी त्रुटी कळवणे. फ्रेम पॉइंटर वापरणाऱ्या एक्स८६ कर्नलमध्ये स्टॅकवर इंटरप्टच्या खुणा दिसल्या तरी तो स्टॅक अविश्वसनीय ठरवला जातो. अशा वेळी पॅच तेवढ्यापुरता लांबतो आणि कार्य वापरकर्त्याच्या कोडकडे परतताना किंवा पुढच्या तपासणीत बदलले जाते. कर्नलबाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र वारे उलटे वाहू लागले आहे : लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोरा ३८ ने २०२३ मध्ये आणि उबुंटू २४.०४ ने २०२४ मध्ये, वेळ कोठे खर्च होतो हे मोजणे सोपे व्हावे म्हणून, थोडा वेग सोडून फ्रेम पॉइंटर पुन्हा चालू केले.