राडारोडा कागदावरच थांबवायचा

राडारोडा म्हटलं की पाडकाम आठवतं. पण नव्या बांधकामातही त्याचे ढीग साचतात: फुटक्या विटा, गिलाव्याचा सांडलेला माल, सेंट्रिंगची फळकुटं, सळयांची टोकं. त्यात सर्वांत खटकतं ते झिरी मारणं. भिंत बांधायची आणि वायरीच्या पाइपासाठी तीच फोडायची.

पनवेलजवळच्या एका प्रीकास्ट यार्डात ही फोडाफोड कशी टळते ते जवळून पाहिलं. लोखंडी टेबलावर भिंतीचा साचा मांडलेला, कडेच्या पट्ट्या चुंबकांनी घट्ट धरलेल्या. साच्याला तेल लावून झालं, सळयांची जाळी बसली, मग इलेक्ट्रिशियन आला. नकाशा बघत त्याने स्विचबोर्डाच्या डब्या आणि पाइप जाळीला तारेने बांधले. खिडकीच्या जागी चौकट बसली. सुपरवायझरने टेपने एकेक अंतर तपासून सही केली, तेव्हा कुठे काँक्रीट ओतलं गेलं. काँक्रीट घट्ट झालं की टेबल तिरकं करून क्रेनने भिंत उचलायची, साचा पुसायचा आणि पुढची भिंत ओतायची.

सळई १२ मीटरची येते. साडेतीन मीटरचे तीन तुकडे कापले की दीड मीटर उरते. साइटवर असे तुकडे बहुधा भंगारात जातात. इथे एकाच मापाच्या भिंती ओळीने होत असल्याने फिटरने ते खिडकीच्या कोपऱ्यांत तिरके घालण्यासाठी वेगळे रचून ठेवले होते.

या पद्धतीत धोकाही आहे. नकाशातली चूक वेळेत सापडली नाही, तर ती त्या मापाच्या प्रत्येक भिंतीत उतरते, आणि अशी एकेक भिंत काही टनांची असते. म्हणूनच सगळी घासाघीस काँक्रीट ओतण्याआधी होते.

२०२२ मध्ये सिडकोने बामणडोंगरीत प्रीकास्ट पद्धतीने ९६ दिवसांत ९६ घरं उभारली, तेव्हा कौतुक वेगाचं झालं. मला त्याहून मोलाची वाटते ती आधी ठरवण्याची शिस्त. तिच्यासाठी कारखानाच हवा असं नाही. खोलीची मापं ब्लॉकच्या पटीत धरली तर ब्लॉक तोडावे लागत नाहीत. स्विचबोर्डाची जागा भिंतीआधी ठरली तर झिरी मारावी लागत नाही. साधं घर बांधणाऱ्यानेही पहिली वीट ठेवण्याआधी गवंडी, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना एका नकाशाभोवती बसवावं.