समुद्र राखण्याचा पेशा



माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे झाले ते हमालांच्या सभांतून आणि गावच्या वाचनालयात. असा मनुष्य समुद्राविषयी काय सांगणार, असे आपणांस वाटेल. पण आमच्या युनियनमधील एका हमालाची मुलगी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि मला म्हणाली, "काका, समुद्रातले जीव वाचविण्याचे काम करावे म्हणते, पण त्यात पोट भरेल का?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे उमगले, ते आपणांपुढे ठेवतो.

मेहकरला समुद्र दूर आहे, पण परका नाही. आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तेव्हा इथल्या मुलीने समुद्राची काळजी वाहिली, तर त्यात नवल ते काय?

शिक्षणाची सोय आहे. मुंबईस १९६१ साली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था निघाली; गोव्यात दोना पावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. काम देणारेही आहेत. संशोधन संस्थांचे प्रकल्प असतात, स्वयंसेवी संस्था असतात. आणि खाडीकाठची कांदळवने राखण्यासाठी महाराष्ट्राच्या वनखात्याने २०१२ साली स्वतंत्र कक्ष काढला आहे.

परंतु पदवीने दार उघडते, काम उभे राहत नाही. ते कसे उभे राहते, हे वेळासने दाखविले. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले हे गाव. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तेथील वाळूत अंडी घालतात. ती उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे काम आरंभिले आणि राखणीस गावकऱ्यांनाच सोबत घेतले. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची, पिले निघाली की समुद्रात सोडायची. पुढे पिले पाहण्यास पाहुणे येऊ लागले, घरोघरी उतरू लागले, आणि कासव जगण्यात गावाचाही लाभ झाला.

दुसरे उदाहरण जाळ्याचे. संरक्षित कासव अगर मासा जाळ्यात अडकला, तर तो सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे मच्छीमाराची भाकरी. आमच्या हमालाला कोणी म्हटले, 'पुण्य म्हणून आजची मजुरी सोड,' तर तो काय म्हणेल? हे ओळखून राज्य सरकारने २०१८ साली अशा नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरविले. रक्षणाचा भार एकट्या गरिबावर टाकू नये, हेच त्यातले तत्त्व.

मी त्या मुलीला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, यातली पुष्कळ कामे प्रकल्पापुरती असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. म्हणून नेमणुकीचे पत्र, मुदत, पगार आणि समुद्रावर जाताना विमा, हे लाजू नकोस, आधी विचार. सेवाभाव म्हणजे फुकट राबणे नव्हे. दुसरी, सुरुवातीचे काही महिने कोळीवाड्यात शिकविण्यास नव्हे, शिकण्यास जा. कोणत्या वाऱ्याला कोणता मासा येतो, जाळे कितीला पडते, कर्ज कोणाचे आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे कोणी ऐकत नाही.

पोट भरेल का, याचे माझे उत्तर असे: भरेल, पण सावकाश, आणि किनाऱ्यावरच्या माणसाचे पोट भरण्याची काळजी तूही वाहिलीस, तरच तुझे काम टिकेल.