गट विलीन करायचा की वेगळा ठेवायचा? स्वीडनच्या जंगलमालकांचं गणित

"सर, शेजारच्या गटात आमचा गट मिसळला तर फायदा होईल का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. व्हिडिओत थोडक्यात बोललो, इथे एक खरं उदाहरण नीट बघू. जरा लांबचं आहे, स्वीडनचं.

तिथलं जवळपास निम्मं जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं आहे. आपल्याकडे वडिलोपार्जित शेत असतं ना, तसंच. हे मालक सहकारी संस्थांमार्फत लाकूड विकतात. 2020 मध्ये उत्तरेकडच्या नोरा स्कूग्सएगार्ना आणि नोरस्कूग या दोन संस्था एक झाल्या. नवी संस्था नोरा स्कूग, सभासद सुमारे 27 हजार.

आता यामागचं गणित बघा. झाडाचा जाड बुंधा सॉ मिलला जातो आणि सॉ मिल दोघींकडेही होत्या. अडचण शेंड्याकडच्या बारीक लाकडाची. ते लगद्यासाठी जातं आणि लगद्याचे कारखाने मोजकेच. माल हजारोंचा, गिऱ्हाईक चार-पाच, मग भाव कोण ठरवणार? लगद्याचा कारखाना एकट्या छोट्या संस्थेला झेपत नाही. विलीनीकरणानंतर काही महिन्यांतच, जानेवारी 2021 मध्ये, नोरा स्कूगने हुसुमच्या लगदा कारखान्यात 30 टक्के हिस्सा घेतला, सुमारे 26 कोटी युरोंना. म्हणजे गिऱ्हाइकाच्याच धंद्यात भागीदारी!

मग सगळ्याच संस्था एक का होत नाहीत? कारण सभासद नुसता भाव बघत नाही. तोडणी कधी, कुठली झाडं ठेवायची, हे तो ओळखीच्या माणसाशी बोलून ठरवतो. ऑफिस दूर गेलं की हा माणूसही दूर जातो, अशी धास्ती असते. शिवाय एक सभासद, एक मत. संस्था मोठी झाली की त्या मताचं वजन आपोआप घटतं.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे साठलेला पैसा. एका संस्थेची गंगाजळी भरलेली, दुसरीची बेताची, तर पहिलीचे सभासद विचारणारच, "आमच्या बापजाद्यांनी जमवलेलं आम्ही का वाटायचं?" मला हा प्रश्न स्वार्थी वाटत नाही, रास्त वाटतो. याचं उत्तर आकड्यांत आणि मतदानाच्या आधी द्यावं लागतं.

तुमच्या गटाचं बोलणं चालू असेल तर दोन्हीकडची पासबुकं आणि कर्जाचे कागद पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा. नव्या गटाचं नाव काय ठेवायचं, ते नंतर बघू.