फोर्कलिफ्टची बॅटरी : पाणी आधी की चार्जिंग?

मे २००३मध्ये चेन्नईने ४५ अंशांचा पारा पाहिला. फोर्कलिफ्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला असा उन्हाळा मानवत नाही. तिचे तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले, तर आयुष्य साधारण निम्म्यावर येते.

४८ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल. त्यांत पाणी घालायचे ते चार्जिंग संपल्यावर. आधीच काठोकाठ भरले, तर चार्ज होताना द्राव फुगतो, झाकणांवर उतू येतो आणि अ‍ॅसिड वाया जाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढेच आधी घालावे.

बॅटरी ८० टक्क्यांहून जास्त उतरवू नये.

आणि पाणी डिस्टिल्डच हवे. चेन्नईतल्या अड्यारसारख्या किनाऱ्यालगतच्या भागातले बोअरचे मचूळ पाणी सेलमध्ये चुकूनही ओतू नका.