पोच

ऐंशीच्या दशकात पुण्याहून निघालेली झेलम एक्सप्रेस भोपाळ स्थानकात शिरे, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्या प्रवाशांबरोबर निदान दोन-चार तरी परकी पुडकी उतरत. परकी म्हणजे त्या प्रवाशांची नव्हेत. कुणाच्या घरचे मेतकूट, कुणाची भाजणी, कुणासाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दिवाळी अंक. 'अमके भोपाळला निघाले आहेत' एवढी वार्ता पुण्यात पसरली की त्या गृहस्थांची पेटी अर्धी दुसऱ्यांच्या सामानाने भरलीच म्हणून समजावे. आणणारा ओळखीचा असे, असे नाही. बहुधा तो ओळखीच्याचा ओळखीचा असे.

आमच्या घरी असे पुडके आले की माझी पत्नी त्याच संध्याकाळी दोन कार्डे लिही. एक पाठवणाऱ्याला आणि दुसरे ज्याने ते आणले त्याला. दुसऱ्या कार्डाचे मला नवल वाटे. मी म्हणे, "अगं, स्टेशनवरच त्यांचे आभार मानले ना?" त्यावर तिचे उत्तर ठरलेले असे : "आभार मानलेत. पोच कुठे दिलीत?" मग त्या कार्डात ती लिही की, डबा शाबूत आहे, लाडू फुटले नाहीत, आणि भाजणीची थालीपिठे शेजारच्या सक्सेनांच्या मुलांनीही खाल्ली.

'पोच' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. वस्तू मिळाल्याची कबुली ही एक पोच. आणि 'त्याला मुळीच पोच नाही' असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, ती दुसरी. हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदतात याचा उलगडा मला फार उशिरा झाला, आणि तोही एका परदेशी खेळामुळे. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

अमेरिकेने उपग्रहांच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्रालाही जागा बऱ्याच अचूकपणे सापडू लागली. त्यानंतर एक-दोन दिवसांतच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील डेव्ह अल्मर या गृहस्थाने रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने वहीत नाव लिहावे, आतले काही घ्यावे, काही ठेवावे. आज असे डबे जगभर लक्षावधी आहेत. आपल्याकडे ते विरळाच. बेवारस डबा दिसला की पोलिसांना फोन करावा, हे आपल्याला इतकी वर्षे शिकवले गेले आहे की त्यात नवल नाही.

या खेळात २००१ पासून एक नवी गोष्ट आली. लष्करी शिपायाच्या गळ्यातल्या बिल्ल्यासारखा एक धातूचा बिल्ला, त्यावर कोरलेला एक सांकेतिक क्रमांक. याला ट्रॅकेबल म्हणतात. हा बिल्ला एखाद्या वस्तूला बांधायचा आणि डब्यात सोडायचा. मालकाने त्याला एक उद्दिष्ट नेमून द्यायचे. 'मला समुद्र पाहायचा आहे' असे काहीतरी. ज्याला तो सापडेल त्याने ठेवून घ्यायचा नाही. शक्यतो पंधरवड्याच्या आत, उद्दिष्टाच्या दिशेने, दुसऱ्या डब्यात नेऊन ठेवायचा आणि संकेतस्थळावर तशी नोंद करायची. बदल्यात काही मिळत नाही. अशा एका बिल्ल्याचा क्रमांक २०२१ मध्ये नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीबरोबर मंगळावर जाऊन पोहोचला आहे. तिथून तो पुढे कोण नेणार, हा प्रश्न अर्थातच मोकळा आहे.

पत्नी २०१५ मध्ये गेली. दोन वर्षांनी म्युनिकहून नात सुट्टीला आली, ती या खेळाच्या नादात पूर्ण बुडालेली. चौकात जाऊन तिने जरीकामाचा एक बटुवा घेतला. बेगमांच्या कारकिर्दीपासून नावाजलेला आपला भोपाळी बटुवा, दोऱ्या ओढल्या की तोंड मिटणारा. तिची आजी तसाच बटुवा कंबरेला खोचत असे. त्या नव्या बटुव्याला तिने बिल्ला बांधला. "आजीला मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा होता ना, आजोबा?" पाहायचा होता, खरेच. आमचे जाणे दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलले गेले, आणि याला कारण माझे दवाखान्याचे वेळापत्रक होते. बटुव्यात दोन वेलदोडे घालावेत असे मी सुचवले. तिने मान हलवली. डब्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही असा नियम आहे, वासाने जनावरे डबा फोडतात. बटुवा रिकामाच निघाला.

त्या उन्हाळ्यात म्युनिकजवळच्या एका झाडाच्या ढोलीतून त्याचा प्रवास सुरू झाला. एका शिक्षक दांपत्याने तो डेन्मार्कपर्यंत नेला. तिथून एका मालट्रकच्या चालकाने स्वीडनमध्ये उतरवला. पुढे एका गृहस्थाने तो उचलला आणि त्यानंतर आठ महिने काहीच नोंद नाही. मी चिडलो. "लिही त्याला, दुसऱ्याची वस्तू दडपून बसला आहे म्हणावं!" नातीने लिहिले, पण तसे नव्हे. तिने लिहिले की, बटुवा आपल्याकडे सुखरूप असेल अशी आशा आहे, आपल्याला सवड नसेल तर जवळच्या कोणत्याही डब्यात ठेवला तरी चालेल, आणि इथवर आणल्याबद्दल आभार. तिच्या मंडळींतली ही सर्वमान्य रीत आहे. उशीर करणाऱ्याला आधी नेल्याची पोच द्यायची, मग विचारायचे. दहा दिवसांनी उत्तर आले. त्या गृहस्थाच्या नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याच्या चालण्याच्या मर्यादेत एकही डबा नव्हता. चाळीस वर्षे रुग्ण पाहूनही हे निदान मला सुचले नव्हते.

जून २०१९ मध्ये एका परिचारिकेने तो बटुवा नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे नेला. उत्तर अक्षांश ६९ अंशांच्याही पुढे. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बटुवा ठेवून तिने रात्री बारा वाजता छायाचित्र घेतले. जरीवर ऊन पडले होते. ते छायाचित्र मी किती वेळ पाहत बसलो हे लिहीत नाही. नात मात्र विचारत राहिली, "तुम्ही त्यांना लिहिलंत का? तुमची गोष्ट आहे, तुम्हीच लिहायला हवं." मी टाळत राहिलो. परक्या माणसाला काय लिहायचे? शिवाय आपण मराठी माणसे या बाबतीत विचित्र. घरच्यांचे आभार मानले तर 'परके करता काय?' असे ऐकावे लागते, आणि परक्यांचे मानायचे तर समारंभातील आभारप्रदर्शनापलीकडची भाषा आपल्याला सहसा येत नाही. "त्यांना कसं कळणार, आजोबा, की बटुवा कुणाचा होता?" ती म्हणाली.

या वाक्याने मला एक जुने नाव आठवले. नाव इथे लिहीत नाही.

१९८३ च्या सुमाराची गोष्ट. भोपाळपासून दोन तासांवरच्या एका कसब्यातील सर्वसाधारण वैद्यकी करणारे एक डॉक्टर माझ्याकडे रुग्ण पाठवीत. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात, रक्तदाबाच्या नोंदींसह. एकदा त्यांनी विशीतील एक मुलगी पाठवली. धाप, खोकल्यातून रक्त. त्यांनी केवळ स्टेथोस्कोपच्या आधारे मायट्रल झडप अरुंद झाल्याचे लिहिले होते आणि ते अचूक होते. मी तिला मोठ्या शहरात शस्त्रक्रियेसाठी धाडले, झडप मोकळी झाली, ती दोनदा मला दाखवून गेली. दोन वर्षांनी एका परिषदेत जेवणाच्या रांगेत ते डॉक्टर भेटले. हातात थाळी घेऊनच त्यांनी विचारले, "डॉक्टर साहब, वो मायट्रलवाली लड़की... बची क्या?" मुलगी आडगावची, नंतर सासरी गेलेली. त्यांच्याकडे कुणी फिरकले नव्हते. तिच्या गावाची बस दिसली की आपण चिठ्ठी लिहायला उशीर केला का, असा विचार मनात येतो, असे ते म्हणाले. दोन वर्षे. पंधरा पैशांच्या कार्डाने जे मिटले असते ते!

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे की, रुग्ण पाठवणाऱ्याने तज्ज्ञाला त्याची हकिगत द्यावी आणि तज्ज्ञाने आपले मत लेखी कळवावे. त्याच विनियमांनी रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देणे-घेणे निषिद्ध ठरवले आहे. आपल्या व्यवसायात या दोहोंपैकी पत्र कमी आणि पाकीट अधिक पाळले गेले, हे वाचकांपैकी अनेकांना कटू वाटले तरी नाकारता येणार नाही. पाकिटाने हिशेब मिटतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्या मुलीचे काय झाले ते मात्र कळत नाही.

पोच देण्याची चोख पद्धत मी पाहिली ती पक्ष्यांच्या बाबतीत. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरचा ताप आढळला, त्याचे विषाणू वाहणाऱ्या गोचिडी पक्ष्यांबरोबर दूरवरून येतात काय, अशी शंका होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि 'सोसायटीला कळवा' एवढाच मजकूर. ज्याने कळवले त्याला हा पक्षी कुठे, केव्हा कडीबंद केला होता ते उलट कळवायचे, ही कडी घालणाऱ्यांची जगभरची रीत. म्हणजे आभार मानतानाच त्याच्या हातून काय घडले ते त्याला सांगायचे. माझी पत्नी लाडू फुटले नाहीत असे लिही, तेव्हा ती हेच करीत होती.

नातीच्या मंडळींनी यासाठी काही संकेत पाळले आहेत. बटुवा ज्याने हलवला त्याला मालकाने दोन ओळी लिहाव्यात, लवकर लिहाव्यात, आणि त्या फक्त त्यालाच लागू पडतील अशा असाव्यात. ज्याने वस्तू नुसती पाहिली, नेली नाही, त्याची नोंदही पुसून टाकू नये. चुकीच्या दिशेला नेणाऱ्याला टोमणा मारू नये. आणि वस्तू हरवली तर शेवटच्या माणसावर संशय घेऊ नये. हा शेवटचा संकेत आम्हाला पाळावा लागला. ट्रॉम्सोजवळच्या ज्या डब्यात परिचारिकेने बटुवा ठेवला, तो डबाच पुढच्या हिवाळ्यानंतर जागेवर सापडला नाही. बर्फाने नेला असेल. तिने आपणहून क्षमा मागितली.

त्या क्षमायाचनेने मात्र मला लिहायला बसवले. नातीच्या मदतीने मी सर्वांना एकेक पत्र लिहिले. शिक्षक दांपत्याला, शस्त्रक्रिया झालेल्या गृहस्थांना (सांधा कसा आहे, हेही विचारले), परिचारिकेला आणि ट्रकचालकाला. बटुवा कुणाच्या आठवणीचा, सूर्य कुणाला पाहायचा होता, ते सारे. कसब्यातील त्या डॉक्टरांच्या पत्त्यावरही एक पत्र टाकले. त्यांच्या मुलाने उत्तर दिले. वडील नव्हते.

ट्रकचालकाचे उत्तर सर्वांत आधी आले. त्याने तो बटुवा चार दिवस काचेसमोर टांगला होता. यात तुमच्याकडे काय ठेवतात, असे त्याने विचारले. मी लिहिले : सुपारी, लवंग, वेलदोडे, आणि माझ्या पत्नीच्या बटुव्यात पोस्टाची तिकिटेही असत. त्यावर त्याचा दोन ओळींचा प्रश्न आला : मग तो रिकामा का पाठवलात?

नातीला फोनवर वाचून दाखवले. ती हसली आणि म्हणाली, "आता याची पोच तुम्हीच द्या."