मोठ्या कोनासमोरची बाजू नेमकी किती मोठी?

बालाघाट, गोंदिया आणि सिवनी ही तीन ठिकाणे नकाशावर सरळ रेषांनी जोडली, तर त्या त्रिकोणाच्या बाजू साधारण ३९, ७४ आणि ९८ किलोमीटर भरतात. गोंदिया बालाघाटच्या जवळजवळ थेट दक्षिणेला आणि सिवनी वायव्येला असल्याने बालाघाटचा कोन ११७ अंशांच्या घरात जातो. गोंदियाच्या वाट्याला सुमारे ४३ अंश येतात, सिवनीच्या वाट्याला जेमतेम २०. मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी, हा शाळेतला नियम इथे चोख लागू पडतो. मात्र तो फक्त क्रम लावून देतो, माप देत नाही. बालाघाटचा कोन गोंदियाच्या पावणेतीन पट आहे, पण त्याच्यासमोरची बाजू केवळ एकतृतीयांशाने मोठी आहे. कोन आणि बाजू सारख्याच पटीत वाढतात ही समजूत इथेच कोसळते.

बाजूंचे प्रमाण कोनांशी नव्हे, कोनांच्या साइनशी जुळते. समभुज आणि समद्विभुज त्रिकोणांत समान बाजूंसमोर समान कोन असल्याने त्या बाजूंपुरता हा फरक झाकला जातो. तो उघडा पडतो ३०, ६० आणि ९० अंशांच्या काटकोन त्रिकोणात: तिथे बाजू १ : १.७३२ : २ अशा असतात, म्हणजे तिप्पट कोनाला दुप्पटच बाजू. ३०, ३० आणि १२० अंशांच्या त्रिकोणात तर चौपट कोनाला १.७३२ पट बाजू, कारण ६० आणि १२० अंशांची साइन एकच. यावर कोणी विचारेल, की नव्वदीनंतर साइन उतरू लागते, मग विशालकोनासमोरची बाजू सर्वांत मोठी कशी राहते? उत्तर १८० अंशांच्या बेरजेत आहे. एका कोनाने १२० अंश घेतले, की उरलेल्या दोघांना मिळून ६०च मिळतात. त्यामुळे त्यांच्या साइन १२० अंशांच्या साइनहून लहानच राहतात.

माप न समजल्याची किंमत भूमापनात कळते. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. या पद्धतीत एक बाजू जमिनीवर मोजायची आणि पुढचे बहुतेक काम थिओडोलाइटने कोन घेऊन उरकायचे. म्हणूनच त्रिकोणाचा आकार महत्त्वाचा. समजा, पायारेषा १० किलोमीटरची आहे आणि तिच्या एका टोकाचा कोन घेताना एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली. त्रिकोण समभुज असेल, तर त्या कोनाला लागून असलेल्या दुसऱ्या बाजूत पावणेदोन मीटरच्या आसपास फरक पडतो. समोरच्या शिखराचा कोन अवघा ५ अंश असेल, तर तीच बाजू सुमारे ११५ किलोमीटर निघते आणि चूक पावणेचारशे मीटरपर्यंत जाते. लांबीच्या प्रमाणात पाहिले तरी ही चूक वीसपट ठरते.

आता उपग्रहांवरून जागा कळते, तेव्हा हे हिशेब कशाला, असा आक्षेप येईल. उपग्रह कोनांऐवजी अंतरांवरून जागा ठरवतात, हे खरे. पण सगळे उपग्रह आकाशाच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले, तर तिथेही जागा ढिली निघते. निमुळत्या त्रिकोणाचा दोष यंत्र बदलल्याने जात नाही. शिवाय अंतरांचेही बंधन आहे: एक बाजू उरलेल्या दोघींच्या बेरजेइतकी किंवा त्याहून मोठी असेल, तर आकृतीच बनत नाही, हे भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त सांगितले आहे. शाळेत क्रमाचा नियम पुरेसा आहे असे म्हणणाऱ्यांनी बालाघाटचा त्रिकोण मुलांपुढे ठेवून पाहावा. कोनमापक, पट्टी आणि नकाशा एवढ्या साहित्यात त्यांना कळेल, की क्रम ओळखणे ही सुरुवात आहे, भूमिती मापापाशी सुरू होते.